कर्नलमधली एक फालतू ओळ

३ जानेवारी
यंदाचा संकल्प एकच. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, माझा स्वतःचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, घालायचा. मग जगातल्या प्रत्येक लिनक्समध्ये माझं काम चालेल. वडवणीत लिनक्स कळणारा माणूस एकच आहे आणि तो आत्ता हे लिहितोय.
नवनाथशी वाद घालायचा नाही, हेही ठरवलं. तेवढी त्याची पात्रता नाही.

६ जानेवारी
वाद झाला. नवनाथ म्हणजे माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या शेजारचा झेरॉक्सवाला. चोरीच्या विंडोजवर धंदा करतो. त्याला समजावलं की माझ्या मशिनी थरांच्या आहेत. खालचा थर गोठवलेला, त्याला कुणी हात लावू शकत नाही. पोरं जी काय घाण करतील ती वरच्या थरात. स्क्रीनवर दोन्ही मिळून एकच दिसतं. संध्याकाळी वरचा थर 'फक्त वाचा' म्हणून पुन्हा बसवायचा, त्याला रिमाउंट म्हणतात, की दिवसभराचं काम कुलपात. सगळं ऐकून घेऊन म्हणतो, मग ह्याच्यात प्रिंट कशी निघती?
अशा माणसांत दिवस काढतोय.

९ जानेवारी
रिमाउंटला फार वेळ लागतो. कोड उघडून पाहिला. कारण सापडलं. एक ओळ! थर बंद करण्याआधी कर्नल मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवत बसतो आणि ते होईपर्यंत वाट पाहतो. कुणातरी भित्र्याने लिहिलेली दिसते. उडवली.
नवा कर्नल तयार व्हायला दिवस गेला. बॅचला थिअरी सांगितली, कुणी ऐकली नाही. पण रिमाउंट आता डोळ्याची पापणी लवायच्या आत. इतक्या वर्षांत एवढ्या मोठमोठ्या लोकांना हे सुचू नये!

१२ जानेवारी
पॅच कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. कुणा साहेबाचं उत्तर आलं, एका वाक्याचं. मेमरीतलं जे अजून डिस्कवर पोचलंच नाही, त्याचं काय होणार?
ना अभिनंदन, ना काही. बीड जिल्ह्यातून पॅच आला की ह्यांच्या पोटात दुखतं. मी कळवलं, माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतं. पुढे उत्तर नाही. निरुत्तर झाला असणार.

१५ जानेवारी
आईच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली. बावीस तारखेला, अंबाजोगाईला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही.
वाईट वाटलं. आईला जयंतीला आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. मुक्ताबाई उभी राहिली की मंडप गप्प. गाणी तिची तिनेच रचलेली, कुठे लिहिलेली नाहीत. तिला अक्षर येत नाही आणि आम्हाला कधी वेळ झाला नाही. आता बायको, यशोधरा, शाळेत शिकवून आली की आईपुढे फोन धरून बसते आणि एकेक गाणं रेकॉर्ड करते. तिच्यात चिकाटी आहे. तांत्रिक दृष्टी नाही.

१८ जानेवारी, दुपारी
सगळी गाणी झाली. फोन भरला. यशोधरा म्हणाली, कॉम्प्युटरवर ठेवा आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक नवनाथ भाऊजींकडे. नवनाथकडे! हा माझा अपमान होता. तिला सांगितलं, दोन-दोन ठिकाणी ठेवणं हे घाबरटांचं लक्षण.

१८ जानेवारी, संध्याकाळी
प्रात्यक्षिक. नवनाथला मुद्दाम बोलावलं. फोन जोडला. कॉपी नाही, कट. वरच्या थरात पेस्ट. एक गाणं वाजवून दाखवलं. आईचा आवाज खणखणीत. नवनाथसुद्धा मान डोलवत होता. लगेच रिमाउंट. झालं! त्याच हाताने दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला, आम्ही सगळेच दुकानदार शटर पाडताना ओढतो तसा. नवनाथ ओरडला, अबे परवीन, आधी शटडाउन तर कर बे! मी फक्त हसलो. थर कुलपात गेल्यावर शटडाउन कशाला लागतं?

१९ जानेवारी
फायली आहेत. नावं बरोबर आहेत. प्रत्येकीचा आकार शून्य.
पॅचचा ह्यात दोष नाही. वीज गेली की मेमरी पुसली जाते, ही हार्डवेअरची बाब आहे. फोनमधून परत मिळवायची तीन सॉफ्टवेअरं चालवली. यशोधराचे भाच्याच्या बारशाचे फोटो मिळाले, जे तिने स्वतः पुसले होते. गाणं एकही नाही. तिला सांगितलं, प्रोसेसिंग चालू आहे.

२० जानेवारी
प्रोसेसिंग चालू आहे, असं परत सांगितलं. मेलिंग लिस्टवरच्या साहेबाने हे आधी नीट समजावून सांगायला हवं होतं. एका वाक्यात काय कळतं माणसाला?

२१ जानेवारी
सांगावं लागलं. यशोधरा भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन उचलला आणि आईपुढे जाऊन बसली. परत म्हणा म्हणाली, जमतील तेवढी.
आईने एक म्हटलं. दुसऱ्याच्या मध्यावर आवाज बसला. पाणी दिलं, तरी फक्त हवा येत होती. उद्या सकाळी निघायचंय. आई हळू आवाजात म्हणाली, आता दम न्हाई माज्यात. ऱ्हायलेली परवीन सांगंल की. माज्या मांडीवर ऐकत मोठा झालाय त्यो, त्याला लई पाठ हाईत.
यशोधराने फोन माझ्याकडे वळवला. रेकॉर्डिंग सुरू केलं.
आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी घसा खाकरला. पहिलं गाणं कशावरून सुरू होतं, ते आठवेना. दुसरंही आठवेना. परत घसा खाकरला.
यशोधराने थोडा वेळ वाट पाहिली आणि बटण दाबून बंद केलं.