कुलूप उघडलं आणि घर रिकामं

चि. धाकटे मेहुणे यांस,

दाजींचे आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे कुरकुरतात, पण कामाच्या आड येत नाहीत. पत्र अशासाठी, की फोनवर मला थापा मारता येत नाहीत.

तुझ्या ताईचा फोन दम लागल्यासारखा चालायचा. लेकीकडे जाताना ती तो घरीच ठेवून गेली. तू म्हणाला होतास, की आतली कंपनीची रिकव्हरी (म्हणजे आडव्या पडलेल्या फोनला उठवणारी व्यवस्था) काढून आपल्या पसंतीची बसवली, की जुना फोनही नव्याने सजवता येतो. फक्त आधी त्याचं कुलूप उघडावं लागतं. कुलूप! सायकलच्या एका तारेने गावाची कुलपं उघडून दुकान उभं केलेला माणूस मी. तुझ्या यादीतली पहिली ओळ 'ताईला पुसून घ्या' अशी होती (तुमच्या घरात विचारण्याला पुसणं म्हणतात). ती मी शिष्टाचार समजून सोडली.

कुलूप उघडलं, रिकव्हरी बसवली, फोन बंद करून चालू केला, तर आत पुन्हा कंपनीचीच! नवा भाडेकरू ठेवून कोपऱ्यावर जाऊन यावं आणि दारात जुनाच दात कोरत उभा, तसं. तीनदा झालं. शेवटी शेजारचा घड्याळजी म्हणाला, "अहो, बसवल्या बसवल्या बटणं दाबून थेट तिच्यातच शिरा. मध्ये फोन सुरू केलात की जुनी परत येणारच." शिरलो. फोन आता हरणासारखा पळतोय.

पळणारच, पाठीवर ओझंच उरलेलं नाही. हे कुलूप उघडलं की फोन आतलं सगळं धुऊन काढतो. (आमच्या धंद्यात असं झालं, तर आधी मलाच धरतील.) मी ताईला पुसलं नाही, म्हणून तिचं सगळं पुसलं गेलं. फोटो लेकीकडे आहेत. गेला तो तुमच्या आईंचा आवाज. त्या जाण्याआधी तू टिपलेली अकरा मिनिटं, त्यातली नऊ माझा उद्धार करण्यात गेलेली. ही ते रोज कपड्यांच्या घड्या घालताना ऐकायची.

असो. मी मजेत आहे. मागणं काही नाही.

तुझा,
दाजी

ता.क. त्या आवाजाची प्रत तुझ्याकडे असेलच. ताई पुढच्या गुरुवारी येतेय. त्याआधी पाठव रे बाबा.

आणखी एक : माझी दया येऊन शेवट कापू नकोस. तिथे आई म्हणतात, "जावयाचे हात सोन्याचे आहेत गं, पण मेला कुणाला पुसून म्हणून काही करायचा नाही." ही तेवढंच पुन्हा पुन्हा लावून हसते.

शेवटचं : यातलं ताईला काही सांगू नकोस. सांगायचंच झालं, तर आधी मला पूस.