साकाईच्या खांद्याबद्दल तुम्ही जे म्हणाला होतात

प्रिय नाना,

उद्या सकाळी दहा वाजता नदीकाठच्या ग्राउंडशेजारच्या हॉलमध्ये तुमच्या फुटबॉल टीमच्या नव्या सीझनची सभा आहे. समर्थक मंडळाच्या मोरिता-सान आजींनी मला फोन करून बजावलंय की सभेची सुरुवात तुमच्या शब्दांनी होणार. मी तुमचे शब्द वाचायचे, सगळ्यांनी उभं राहून ऐकायचे, मग पुढच्या सीझनमध्ये ऑफेन्सकडून कुणाच्या काय अपेक्षा आहेत ते एकेकाने बोलायचं.

नाना, ते शब्द तुमचे नाहीत. हे मला माहीत आहे आणि रेवाला. तुमच्या मुलालासुद्धा मी अजून सांगितलेलं नाही. आत्ता दुपारी तो रेवाला पोहायला घेऊन गेलाय, तेवढ्यात लिहायला बसले. उद्या तिथे बोलायच्या आधी तुमच्यासमोर कबूल करायला हवं, नाही का?

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. तुमची काठी अजून चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवलीय. हलवायचं कुणी मनावर घेत नाही.

तुम्ही इथे जपानात, इचिकावाला आलात तेव्हा मी प्रसादला म्हटलं होतं, साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवलेला माणूस इथे दोन खोल्यांत करणार काय? आठवड्याभरात तुम्ही नदीकाठ शोधलात. पंधरा दिवसांत ग्राउंड शोधलंत. महिन्याभरात घरी येऊन सांगायला लागलात, "अगं, हेल्मेट घालून कबड्डी खेळतात ही कॉलेजची पोरं! चार संधींत दहा यार्ड पुढं जायचं, नाहीतर बॉल दुसऱ्याला. किती सोपं आहे!" आम्हाला कुणाला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही रेवाच्या वहीत फुल्या-गोळे काढून आम्हाला ऑफेन्स, म्हणजे चढाई कशी करायची ते, शिकवलात. जेवताना. वरण गार होईपर्यंत!

पण चार वर्षांत तुम्ही जपानी मात्र शिकला नाहीत. का हो नाना? 'अरिगातो'च्या पुढे गाडी कधी गेलीच नाही. "तू आहेस की," म्हणायचात. होते खरी. तुम्ही बोलायचं आणि मी ते घासूनपुसून पुढे द्यायचं, हा आपला शिरस्ताच पडला.

शेजारच्या आजी आठवतात? आपल्या फोडणीचा वास त्यांच्या कपड्यांना लागतो, असं सांगायला आल्या होत्या. तुम्ही दारात उभं राहून मला म्हणालात, "सांग त्यांना, त्यांचे मासे भाजलेले आम्ही चार वर्षं सोसतोय, कधी बोललो का?" मी कमरेत वाकून त्यांना सांगितलं की सासरे फार दिलगीर आहेत, यापुढे खिडकी लावून फोडणी देऊ. संध्याकाळी त्या पिशवीभर पर्सिमॉनची फळं घेऊन आल्या. आणि तुम्ही खुशीत! "बघितलंस? स्पष्ट बोललं की माणसं सुधारतात."

तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर... पदर कुठला, टॉवेल धरून हसले होते. आज ते आठवलं की हसू येत नाही.

खरं सांगू? ही माझ्या नोकरीची खोड आहे. ऑफिसात मी दिवसभर हेच करते. पुण्याची टीम म्हणते, "हे शुक्रवारपर्यंत होणं शक्यच नाही." मी इथल्या ग्राहकाला सांगते, "आम्ही मनापासून विचार करत आहोत." ग्राहक म्हणतो, "जरा अवघड दिसतंय." मी पुण्याला सांगते, "ते भयंकर चिडलेत." दोन्हीकडची माणसं माझ्यावर खूश असतात. मंजिरी-सान फार छान सांभाळून घेतात, असं माझ्या मूल्यमापनात दरवर्षी लिहून येतं. तीच सवय मी तुमच्या तोंडालाही लावली, तुम्हाला न विचारता.

आता त्या दिवसाचं.

गेल्या सीझनची शेवटची मॅच. हरलो असतो तर टीम खालच्या गटात गेली असती. तुमच्या मांडीवर ब्लँकेट, रेवाच्या हातात गरम पाण्याची बाटली, आणि मी थंडीने काकडलेली. सगळे 'फेक, फेक' म्हणून ओरडत होते आणि तुम्ही एकटे मराठीतून ओरडत होतात, "बॉल घेऊन पळा रे! त्याला कशाला फेकायला लावताय?" शेवटी साकाईनेच, तुमच्या सात नंबरने, तो लांबच्या लांब पास फेकला आणि टीम वाचली. स्टँडमधली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. तुम्ही बसून राहिलात. मला वाटलं दमलात.

मग नेहमीप्रमाणे टीम स्टँडसमोर रांगेत उभी राहिली, हेल्मेट काढून वाकली. कॅप्टन म्हणाला, सगळ्यांत वडीलधारे समर्थक म्हणून ओजीसाननी, म्हणजे आजोबांनी, पुढच्या सीझनसाठी ऑफेन्सला दोन शब्द सांगावेत. सगळ्या माना तुमच्याकडे वळल्या. तुम्ही उठलात. शाळेच्या मैदानावर बोलत असाल तसंच बोललात, खणखणीत. शब्द मला पाठ आहेत.

"पोरांनो, पुढच्या वर्षी पळायला शिका. सगळा भार या एका पोराच्या खांद्यावर टाकू नका. त्याचा खांदा दुखावलाय आणि तो लपवतोय. चार मॅच झाल्या मी बघतोय, फेकताना कोपर खाली पडतंय. आधी डॉक्टरला दाखवा, मग खेळवा."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

नाना, त्या पोराचा चेहरा समोर होता. आई-वडील स्टँडमध्ये, कोच शेजारी, शंभर माणसं. नुकतीच त्याने टीम वाचवलेली. त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, 'हा लपवतोय' असं मी कसं म्हणणार? इथे असं कुणी बोलतं का? मी म्हटलं, "सासरे म्हणतात, पुढच्या सीझनला बिनधास्त फेक. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

टाळ्या! मोरिता-सान आजी रडल्या. साकाई तुमच्यासमोर कमरेतून वाकला, कितीतरी वेळ तसाच राहिला, आणि वर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

तुम्ही माझा हात दाबून म्हणालात, "पटलं बघ त्याला. शहाणा पोरगा आहे."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? ट्रेनमध्ये रेवाने मला जपानीत विचारलं, "आई, ओजीचान असं नव्हते बोलले. तू खोटं का सांगितलंस?" मी म्हटलं, "खोटं नाही ते, रीत आहे." तुम्ही खिडकीशी बसून चार वर्षांत पहिल्यांदा डुलकी काढत होतात, इतके निवांत होतात. ते समाधान मला मोडवलं नाही. की मला माझी चूक कबूल करायची नव्हती? दोन्ही असेल.

बरं, तुम्हाला तो खांदा का दिसला हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. दिवाळीत चकल्या करताना तुम्हीच सांगितलं होतंत की तुमचा एक विद्यार्थी भाला फेकायचा, जिल्ह्यात पहिला आलेला. कोपर खाली पडतंय हे दिसत असून तुम्ही त्याला पुढच्या स्पर्धेला उतरवलंत. "शाळेचं नाव होतं ना," म्हणालात. त्यानंतर त्या मुलाला तो हात खांद्याच्या वर कधीच नेता आला नाही. तुम्ही सोऱ्या फिरवत राहिलात. आज वाटतं, तुम्ही त्या दिवशी स्टँडमध्ये उभं राहून कुणाशी बोलत होतात ते मला कळायला हवं होतं.

आणि मग हॉस्पिटल. तिथेही दुभाषी मीच. तुम्ही डॉक्टरांना एकच विचारलंत, "सीझन सुरू होईल तेव्हा मला स्टँडमध्ये बसता येईल ना?" डॉक्टर बराच वेळ बोलले, खाली बघून. मी तुम्हाला सांगितलं, "हो म्हणतायत, फक्त थंडी जपा."

तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "डॉक्टर चार वाक्यं बोलतात आणि तू एकच सांगतेस. जपानी फार लांबलचक भाषा आहे बाई."

तुम्हाला कळलं होतं का, नाना? डॉक्टरांचंच कळलं होतं, की त्या मॅचचंही? कळलं असेल तर रागावला का नाहीत? तुम्ही मला चार शब्द सुनवायला हवे होते! त्यानंतरही तुम्ही उशाशी वही घेऊन पुढच्या सीझनचा ऑफेन्स आखत होतात. सगळी पळायची आखणी, पास जवळपास नाहीच. ती वही माझ्याकडे आहे. फुल्या-गोळ्यांच्या शेजारी तुमचं अक्षर, आणि दर पानावर सात नंबरपुढे 'विश्रांती'.

आता परिस्थिती अशी आहे की टीममधले पळणारे दोघेही चांगले खेळाडू पदवी घेऊन नोकरीला लागले. ऑफेन्समध्ये राहिला साकाई. सगळ्यांच्या अपेक्षा त्याच्या एका हातावर! मोरिता-सान म्हणतात, यंदा पासवर पास बघायचे, वरच्या गटात जायचं. त्यांनी टॉवेल छापून घेतलेत, नाना. निळ्या टॉवेलवर पांढऱ्या अक्षरात: 'बिनधास्त फेक'. खाली 'ओजीसान'. एक मला घरपोच आलाय, तुमच्या फोटोशेजारी ठेवा म्हणून. मी तो फोटोशेजारी ठेवलेला नाही. कपाटात कोंबलाय.

गेल्या शनिवारी मी मुद्दाम ग्राउंडवर गेले. तुम्ही शिकवलं होतंत तसं बॉलकडे न बघता नुसता हात बघत बसले. कोपर खाली पडतंय. मलासुद्धा दिसलं! सुट्टी झाल्यावर त्याने बाटलीचं झाकण डाव्या हाताने उघडलं. उजवा हात नुसता मांडीवर ठेवलेला. मला ओळखून तो धावत आला, वाकून म्हणाला, "ओजीसान तसं म्हणाले होते, म्हणून मी थांबत नाहीये. यंदा त्यांच्यासाठी फेकणार."

मी काय म्हटलं माहितीये? "गानबात्ते." जोर लाव, म्हटलं! तोंडातून आपोआप निघालं. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत होती.

एकवीस वर्षांचा मुलगा आहे. दुखतंय म्हणायला त्याला इथे कुणी शिकवलेलं नाही, आणि ज्या एका माणसाने सगळ्यांदेखत 'दुखतंय' म्हटलं, त्याचं म्हणणं मी त्याच्यापर्यंत पोचू दिलं नाही. त्याचा हात गेला तर तो तुमच्या नावावर जाईल. तुमच्या, नाना! ज्यांनी तो वाचवायचा म्हणून बसल्या जागेवरून उठून सांगितलं, त्यांच्या. हे मला सहन होत नाहीये.

काल तुमची वाक्यं मी जपानीत लिहून काढली. पहिल्या खेपेला लिहिलं, 'खांद्याला कदाचित थोडा ताण असावा असं वाटतं.' रेवाने वाचलं आणि वही माझ्याकडे परत सरकवली. "तू परत तेच करतेयस," म्हणाली, या वेळी मराठीत. मग आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. पाच वाक्यं. जपानी काही तेवढी लांबलचक नाही.

मला भीती वाटते. कोच म्हणतील, बाहेरच्या बाईने टीमच्या कामात नाक खुपसलं. साकाई म्हणेल, काही दुखत नाही. त्याची आई माझ्याकडे बघेल. मोरिता-सान आजींच्या त्या पेटीभर टॉवेलांचं काय? त्या परत माझ्याशी बोलतील असं वाटत नाही. आणि तुम्हाला सगळ्यांनी गोड, हसरे ओजीसान म्हणून मनात ठेवलंय, तेही उद्या जाईल.

तरी वचन देते. सभेच्या आधी साकाईला आणि कोचना बाजूला घेऊन ती पाचही वाक्यं सांगेन. त्याच्या खांद्याचा विषय शंभर माणसांसमोर काढणार नाही, तेवढी रीत मला पाळू द्या. पण मग माइकसमोर उभी राहीन आणि सांगेन की 'बिनधास्त फेक' हे माझे शब्द होते. माझे सासरे म्हणाले होते, पळायला शिका, सगळा भार एकावर टाकू नका. तुम्ही बोललात तेच, मऊ न करता. ते तुमच्यावर रागावले तर रागावू देत. चार वर्षं ज्याच्यावर त्यांनी माया केली तो म्हातारा मी रचलेला होता. त्यांची आणि तुमची ओळख उद्या पहिल्यांदाच होणार आहे.

तुमची सून,
मंजिरी