दोन विहिरींच्या मधलं

अण्णा,

तक्रार गंभीर आहे. तुमच्या नातीने माझी संध्येची पळी पळवली. वावरात लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांच्या बुडाशी पळीपळीने मिठाचं पाणी घालायचं आणि मशीनमधून वीज सोडायची. मग खालचे थर न खणता कळतात म्हणे. जन्मभर संस्कृत शिकवणाऱ्या बापाकडून पोरीने उचललं काय, तर पळी! बाकी सगळं तुमचं. तुम्ही भूजल खात्यात होतात, तीही त्याच कामात. तुम्हाला तिने फक्त फोटोत पाहिलंय. मी रोज समोर असतो, आणि फोटोतल्या माणसाशी भांडताही येत नाही.

परवा संग्रामपूरकडे तिच्यासोबत गेलो. एका जागी मशीनचा आकडा एकदम खाली आला. शेतमालक हरखला, "लागलं न पानी, ताई?"

"खारं पानी असन काका, नाहीतर नुसती चिकण माती. मशीनले दोन्ही सारखेच दिसतात."

"मंग एवढे तार कायले पसरवले वं माय?"

"सारं वावर न खोदता पाह्यलं न!"

शेतमालकाच्या टोमण्याने मला उगाच बरं वाटलं. तेवढ्यात ती शेजारच्या ढासळलेल्या विहिरीच्या काठावर पालथी पडून आतली भिंत निरखू लागली. "चिकण मातीच आहे इथं. आजोबा असंच पाहायचे ना, बाबा?"

असंच. मी लहान असतानाची डोणगावची विहीर. तुम्ही माझा करगोटा धरून मला काठावरून वाकवताय. वर मुरूम, मधे लाल पट्टा, खाली काळा पाषाण. मी भीतीने स्तोत्र पुटपुटतोय आणि तुम्ही खेकसताय, "डोये काऊन मिटले बे? थर पाह्य!" घरी येताना मात्र हळूच म्हणालात, "भिंत दिसते तेवढंच खरं. दोन विहिरींच्या मधलं सारा आपला अंदाज."

परवा संग्रामपूरहून परतताना तिने हे मला दोनदा सांगायला लावलं. माझ्या कुठल्याही श्लोकाला तिचा चेहरा असा फुलला नव्हता.

हे टपालात पडणार नाही, म्हणून मोकळं लिहितो. रोज जेवणानंतर ती माझ्याजवळ येऊन बसते आणि तुमच्याबद्दल विचारते. तुमच्या आठवणी माझ्याकडे आता थोड्याच उरल्या आहेत. त्या संपल्यावर ती माझ्याजवळ कशाला बसेल, याची मला भीती वाटते.