ओथा पेटवेची मूठ

४ मे, शनिवार
आजपासून कुणाशी वाद घालायचा नाही. रेफोर्डशी तर नाहीच. नदीकाठच्या जत्रेत त्याचा बँड वाजणार, गिटारवाला एकच लागणार, आणि तो या महिन्यात ठरणार. उमेदवार दोन. मी आणि दातांचा डॉक्टर लॉनी क्रंप. म्हणजे एकच.
गिटारला तेरा नंबरच्या जाड तारा चढवल्या. लॉनी दहाच्या लावतो. त्या तारा नव्हेत, दात कोरायचा दोरा. दवाखान्यातूनच आणत असावा.

५ मे, रविवार
काल मेबलच्या बारमध्ये झकास वाजवलं. माझ्या सोलोच्या तिसऱ्याच फेरीला रेफोर्डने माझ्याकडे बघत मूठ वर केली. मी आणखी जोर लावला. मग त्याने डोक्याला हात लावला. वय झालंय, इतकं एकदम झेपत नाही. मी ऐन रंगात असताना ओडेसाने ड्रमवर दणका घालून गाणं बंद पाडलं. बाईला ताल कळतो, भावना नाही.
उतरताना रेफोर्ड म्हणाला, लेका डेल्मर, तुला काही दिसतं का रे? म्हटलं, तुमची मूठ दिसली की! तो थेट बारकडे गेला.
लॉनी दोन फेऱ्या वाजवून थांबला. सुचलं नसणार.

८ मे, बुधवार
ओडेसाचा रेडिओवर ब्लूजचा तास असतो. पुढच्या बुधवारी मला बोलावलंय. संगीतातलं आयुष्य, कुणाचे प्रभाव, वगैरे. लॉनीला बोलावलेलं नाही. (खात्री करून घेतली.)
मुद्दे: मी कुणाकडे शिकलो नाही. शिकवण्या लावून टायपिंग येतं, ब्लूज नाही. प्रभाव एकच, ब्लूजवाल्यांचा म्हातारा उस्ताद ओथा पेटवे, आणि तोही एका दुपारचा. १९८६. म्हाताऱ्याच्या अंगणात मासे तळणं चाललेलं, आणि मला वाजवायची संधी. मी सुरू केलं आणि थोड्याच वेळात ओथाची मूठ वर. मी पेटलो. मूठ आणखी उंच. मग दोन्ही मुठी. शेवटी स्वतः उठून त्याने माझ्या ॲम्पची वायर उपटली. यानंतर ऐकण्यासारखं काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ. तोंडाने एक शब्द नाही. मोठी माणसं बोलत नाहीत.
लगेचच्या सोमवारी मी सरकीच्या गिरणीतली नोकरी सोडली आणि उजव्या हातावर ती मूठ गोंदवून घेतली. पुढे बायको सोडून गेली. मूठ राहिली.

१२ मे, रविवार
वाद न घालण्याचा निश्चय काल मोडला. दोष लॉनीचा. म्हणे, सगळ्यांना दोन-दोन फेऱ्या मिळाव्यात. मी म्हटलं, तू काय अर्धाच दात काढतोस? तर म्हणे, काढलेला दात पुन्हा पुन्हा काढत नाही. लोक हसले. या गावाला काय कळतंय.
रेफोर्डची मूठ काल जवळजवळ गाणंभर वर होती. मध्ये त्याने हात बदलला. जागा माझी.
मेबलच्या मक्याच्या वाफवलेल्या टमाल्या खाऊन पोट बिघडलं. तिला सांगणार.

१५ मे, बुधवार, दुपार
रेडिओवरून आलो. थेट प्रक्षेपण होतं. ओथाची गोष्ट तपशीलवार सांगितली. मुठी, वायर, सगळं. बाही सारून गोंदण दाखवलं. रेडिओ असला म्हणून काय झालं.
ओडेसा म्हणाली, डेल्मर, बाबा, मूठ वर म्हणजे गाणं संपव.
म्हटलं, कुणाची मूठ?
म्हणाली, कुणाचीही. इथून शिकागोपर्यंत. डोक्याला हात म्हणजे पुन्हा मूळ चालीवर ये, मूठ म्हणजे बास. तुला कुणी सांगितलं नाही?
मी म्हटलं, मी कुणाकडे शिकलो नाही. हेच वाक्य कार्यक्रमाच्या सुरुवातीला फार झोकात बोललो होतो.
तिने रेकॉर्ड लावली. लांबलचक.
ड्रमवाल्यांचं काही खरं नसतं. रेफोर्डला विचारणार.

१६ मे, गुरुवार
विचारलं. म्हणाला, लेका, इतकी वर्षं मला वाटत होतं तू कसला तरी सूड उगवतोयस.
म्हटलं, निदान ओथाची मूठ तरी वेगळी असेल.
म्हणाला, त्या अंगणात मीही होतो. तुझी वायर कुठली, ते म्हाताऱ्याला मीच दाखवलं.
जत्रेला लॉनी. त्याला थांबता येतं, म्हणे.

१८ मे, शनिवार
उकाडा. मेबलकडे गेलो, मागे बसलो. रेफोर्डने तरीही हाक मारली. एक फेरी वाजवली. कुणाची मूठ वर व्हायच्या आत थांबलो. रेफोर्ड गोंधळला. झालं? म्हणाला. झालं, म्हटलं. टाळ्या पडल्या. इतक्या कधी पडल्या नव्हत्या.
खाली आल्यावर मेबलने विचारलं, एवढ्या उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं? ताप आहे का रे?
हो म्हटलं.