कंट्रोलर साहेबांची डबी

बाबा, तुमच्या त्या डबीबद्दल लिहायला बसले आहे. डबी म्हणजे तो तळहाताएवढा संगणक, मी पुण्याहून आणलेला. तुम्ही पाटीवर त्याला कायम डबीच लिहिलंत, मग घरात सगळेच डबी म्हणायला लागले. आता ती माझ्या कपाटाच्या खणात पडून असते. पडदा गेला, सेल ठेवायच्या जागी गंज चढला. मध्ये ऑफिसातल्या नव्या पोरांना दाखवायला नेली होती, तर एकाने विचारलं, "मॅडम, यावर बोलायचं कसं?" मी म्हटलं, यावर बोलायचं नसतं, याच्या तोंडून बोलायचं असतं. त्याला काही कळलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. दोन कौतुकाचे शब्द बोलून ती पोरं आपापल्या जागी गेली.

तुम्ही देवळीच्या बस स्टँडवर कंट्रोलर होतात आणि गावात माझी ओळख तुमच्या आवाजावरून होती. शाळेत मी 'माइकवाल्याची पोरगी'. बोलण्याआधी तुम्ही माइकच्या जाळीवर बोटाने दोनदा टिचकी मारायचात. टक् टक्. मग जरासं थांबायचात, आणि त्या थांबण्यात अख्खं स्टँड गप्प व्हायचं. कॉलेजची पोरं, संत्री विकणाऱ्या बाया, जागेवरून भांडणारे, सगळे भोंग्याकडे मान वर करून उभे. मग यवतमाळची गाडी, वर्ध्याची गाडी, उरूस असला की गिरडची जादा गाडी. मधूनच नियमात न बसणारंही बोलायचात. "पुलगाववाले, गाडी कुठी पळून नाई चालली, लेकुरवाळीले आधी चढू द्या." यावरून एकदा वरच्या साहेबांनी तुम्हाला समज दिली होती. तुम्ही काही दिवस अगदी सुतासारखं सरळ बोललात, तर लोकच चौकशीच्या खिडकीशी येऊन विचारायला लागले, "साहेब, तब्येत बरी नाई काय?"

मग घशात गाठ निघाली आणि दवाखान्यात स्वरयंत्रच काढून टाकलं. तुम्ही वाचलात याचाच आम्हाला इतका आनंद होता की काय गेलं ते बघायला कुणाला सवड नव्हती. हातात पाटी आली. चहाच्या टपरीवर तुम्ही 'अरे त्याच्या लग्नात त' एवढं लिहीपर्यंत समोरचा "हो हो, बरोबर हाय" म्हणून दुसऱ्याकडे वळलेला असायचा. माणसं वाईट नव्हती. उलट फारच चांगली वागायची आणि तेच तुम्हाला सोसेना. तुमच्याशी मोठ्याने बोलायची, जसं काही डॉक्टरांनी तुमचे कान काढले होते. घरात तर आणखीच पंचाईत. आईला वाचता येत नाही, त्यामुळे तुम्ही तिला लिहिलेलं कुणीतरी वाचून दाखवावं लागे. नवरा-बायकोचं बोलणं शेजारच्यांच्या तोंडून. हळूहळू तुम्ही लिहिणंच सोडलंत. आईने फोनवर सांगितलं, "तुये बाबा टपरीवर जाऊनच नाई राह्यले वं. दिवसभर बाजेवर पडून रायते. मी काही बोलली त भितीकडं तोंड फिरवते." फोन ठेवला आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. तुमचा आवाज मला परत आणता येणार नव्हता. तुम्हाला टपरीवर परत न्यायचं होतं, आणि ते कसं करायचं हेच कळत नव्हतं.

डबी माझ्या हाती पडली ती योगायोगाने. ऑफिसातल्या एकाने परदेशातून आणली होती आणि त्याला तिचा कंटाळा आला होता. करड्या-हिरव्या पडद्याची, प्लास्टिकच्या काडीने टोचून चालवायची. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायची रीतसर पद्धत भलती किचकट होती, पण पायथन नावाच्या भाषेची कुणीतरी खूप काटछाट करून तिच्यात मावेल अशी आवृत्ती बनवली होती. त्या आवृत्तीला अपूर्णांक माहीत नव्हते, फायली उघडता येत नव्हत्या, आणि काम जरा जास्त झालं की जागा संपली म्हणून ती हटून बसायची. फायदा एकच होता. ओळ लिहावी आणि तिथल्या तिथे चालवून बघावी. देवळीच्या घरात दुसरा संगणक नव्हता, तेव्हा मला हेच हवं होतं. दिवाळीच्या सुटीत ओट्यावर बसून काडीने एकेक अक्षर टिपत मी ओळी लिहितेय आणि तुम्ही बाजेवरून, बघत नाही असं दाखवत, बघताय. शेवटी पाटी पुढे आली. 'कोनती भाषा?' मी सांगितलं, पायथन, म्हणजे अजगर. तुम्ही डबी हातात घेतलीत, उलटी करून पाहिलीत आणि लिहिलंत, 'एवढ्याशात अजगर कसा मावला?' मी आईला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

डबीत मराठी अक्षरं नव्हतीच. चौकटीच्या कागदावर ठिपके भरून मी अक्षरं काढली. वेलांट्यांनी फार छळलं, जोडाक्षरांनी त्याहून जास्त. मग मोठ्या अभिमानाने यादी तयार केली. काडीने टोचलं की पडद्यावर मोठ्या अक्षरात: पाणी हवे आहे. औषधाची वेळ झाली. दुखत आहे. झोपायचे आहे. तुम्ही एकेक टोचून सगळी पाहिलीत, डबी खाली ठेवलीत आणि पाटीवर लिहिलंत, 'मी पेशंट हाओ काय?' मला राग आला, खोटं कशाला सांगू. रात्र-रात्र जागून ठिपके भरले होते मी. म्हटलं, मग तुम्हीच सांगा काय घालू. तुम्ही पाटी भरभरून लिहायला लागलात, पुसायचं आणि लिहायचं. 'काऊन बे, सासुरवाडीहून आला काय?' 'जाऊ दे ना यार.' 'थे गाडी कधीचीच गेली.' 'आंजीवाल्याइले कोन समजावन?' हे शेवटचं आईवरून होतं, ती आंजी मोठी गावची म्हणून. त्यात पाणी नाही, औषध नाही. मला जे वाटलं होतं तुम्हाला हवं असेल, त्यातलं काहीच नाही.

ते सगळं भरलं आणि तुम्ही टपरीवर गेलात. तासाभरात परत. 'हसू निघून जाते,' तुम्ही लिहिलंत. खरंच होतं. तुम्ही टोचल्यावर डबी अक्षरांची चित्रं शोधून पडद्यावर आणेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मी चौकटी काढून टाकल्या, नक्षी उडवली, याद्यांच्या आतल्या याद्या गाळल्या, नेहमीची वाक्यं वर आणली. तरी अजगर काही पळेना. मी हात टेकले. तेव्हा तुम्ही ओट्यावर बोटाने दोनदा टिचकी मारलीत, डबीकडे बोट दाखवलंत आणि लिहिलंत, 'आधी हे. मंग थांब. मंग शब्द.' डबीला बोलता येत नव्हतं, पण बारीक आवाज काढता येत होता. मी दोन छोटे आवाज घातले. टिट् टिट्. आणि गंमत बघा, त्यानंतर थांबायला वेगळं काही लिहावंच लागलं नाही. चित्रं आणायला डबीला जो वेळ लागत होता, तोच तुमचा थांबा झाला.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या मागोमाग गेले आणि टपरीसमोरच्या औषधाच्या दुकानात उगाच उभी राहिले. एक काका यंदा निवडणुकीला उभं राहायचंच असं तावातावाने सांगत होते. मध्येच टिट् टिट्. टपरीवाल्याने कपात चहा ओतता ओतता मान वर केली आणि ओरडला, "चूप बसा रे, कंट्रोलर साहेब बोलून राह्यले!" सगळे गप्प. तुम्ही डबी सगळ्यांना दिसेल अशी सावकाश फिरवलीत. 'थे गाडी कधीचीच गेली.' अशी खसखस पिकली की स्वतः काकाच मांडीवर थाप मारून हसले, "साहेब, तुमी काई सुधरनार नाई!" तुमच्या गळ्याला पट्टी होती आणि खांदे हलत होते. मला तिथे, खोकल्याच्या औषधांसमोर, रडू आलं.

त्यानंतर तुम्ही सगळ्यांशी डबीतून बोलायचात, फक्त माझ्याशी पाटीवर. मला ते लागलं. विचारलं तर तुम्ही लिहिलंत, 'तू डबीकडंच पायतं. अक्षर बरोबर आलं का, टाइम किती लागला. माह्याकडं कोन पायीन?' मी पाटी घेतली आणि खाली लिहिलं, 'बरं.' तुम्हाला लिहून उत्तर द्यायची काय गरज होती, कान तर शाबूत होते! तुम्ही ते वाचून कितीतरी वेळ तसेच हसत होतात.

सुटी संपत आली तेव्हा तुम्ही शेवटचं काम सांगितलंत. डबीच्या खालच्या बाजूला चार बटणं होती, त्यातलं एक आईसाठी. दाबलं की दोन आवाज. मी विचारलं, आणि शब्द कोणते घालू? 'काई नाई,' तुम्ही लिहिलंत. मी म्हटलं, नुसते आवाज? त्यातून तिला काय समजणार? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी मुकाट्याने दोन ओळी लिहिल्या. माझ्या हातून लिहिला गेलेला सगळ्यात लहान प्रोग्रॅम तोच. तुम्ही बटण दाबलंत. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चहा ना? ठेवलाच हाय. अन् थे खिडकी लावून घेतो, वारं सुटलं." आत गेली. तुम्ही पुन्हा दाबलंत. पुन्हा आली. "आता काय? पोरगी उद्या चालली म्हनून? मले नाई वाटत काय?" आणि तुमच्या बाजेवर बसली. मध्ये वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. मी डबी बंद करून काडी तिच्या खाचेत घातली आणि बॅग भरायला आत गेले.

गाठ पुन्हा आली. दुसऱ्या वेळी तिने वेळच दिला नाही. शेवटच्या दिवसांत तुम्ही पाटी मागितली नाहीत, काडी धरायचं बोटांत बळ नव्हतं. पण आईचं बटण अंगठ्याने दाबता यायचं आणि ती यायची, तुम्ही गेलात त्या सकाळपर्यंत. त्या डबीची एक खोड होती, सेल पूर्ण उतरले की पोटातलं सगळं पुसलं जायचं. हे मी आईला एकदा सहज सांगितलं होतं. पुढे मी देवळीला गेले की ती आधी विचारायची, "सेल आनले काय वं?" मग जेवण. अशी किती वर्षं तिने ती डबी जिवंत ठेवली. कधी बटण दाबताना मी तिला पाहिलं नाही, पण डबीवर कधी धूळ दिसली नाही. शेवटी पडदाच गेला, तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ने आता."

आई आता माझ्याकडे पुण्यात असते. ऐकायला कमी येतं, टीव्ही इतका मोठा लावते की खालचे वर येतात. परवा मी फोनवर तीच अजगराची भाषा चालवून बघत होते. आता ती हातपाय न छाटता मावते. काय लिहावं म्हणून तुमच्या त्या दोन ओळी लिहिल्या. टिट् टिट्. आतून आवाज आला, "आली ना, काय म्हनता?" आणि आई हात पुसत बाहेर आली, सोफ्यापर्यंत. मग थांबली. मी घाबरून म्हटलं, आई, फोन होता, बंद करते. ती म्हणाली, "काऊन? राहू दे." त्यानंतर मी अधूनमधून वाजवते, काहीतरी निमित्त काढून. काल ती निवडायला मेथी घेऊन बसताना म्हणाली, "मले समजत नाई काय, तूच वाजोतं म्हनून? वाजवत जाजो."

हे सगळं तिला वाचून दाखवावं असं मनात होतं. आता नाही दाखवणार, कारण एक गोष्ट तिला सांगायची नाही. बटण माझ्याच अंगठ्याखाली असतं, दोन ओळी मीच लिहिलेल्या असतात, तरी ते आवाज झाले की आई बाहेर येण्याआधी मी वळून बघते, बाबा.