बाबांसमोरच बंद पडणारा कीबोर्ड

प्रिय आत्या,

माझं पत्र बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, बाबा आहेत. जेवतात, झोपतात, खिडकीशी बसतात. पण फोनवर आम्ही तुला जे सांगत आलो, की आत्ताच त्यांचा डोळा लागलाय, आत्ताच खाली गेलेत, आंघोळीला बसलेत, ती सगळी थापेबाजी होती. तुझं डोळ्यांचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि आईने घरात फतवाच काढला, की वन्संना ह्यातलं अक्षर कळता कामा नये, रडून रडून डोळ्यांची वाट लावून घेतील. आता तुझी पट्टी निघाली, नवा चष्माही मी काम करते त्याच दुकानातून माझ्याच हाताने घासून गेलाय, तेव्हा तुला हे वाचता येणार ह्याची मला खात्री आहे. दिवसाउजेडी वाच म्हणजे झालं. आणि फोन का नाही केलास म्हणून चिडू नकोस. आमचं घर एवढंसं. फोनवर कुजबुजलं तरी आतल्या खोलीत बाबांना ऐकू जातं, आणि त्यांना सगळं कळतं. सगळं म्हणजे सगळं, आत्या.

त्यांना अर्धांगाचा झटका आला. बाजारातच आला, लिलावाच्या ओट्यावर, सफरचंदांच्या पेट्यांपुढे. बोली चढत होती, पुढचा आकडा पुकारायला त्यांनी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतंच. व्यापाऱ्यांना आधी वाटलं हे थट्टा करताहेत. मग उजवा पाय गेला आणि ते पेट्यांवरच कोसळले. आता पाय बराचसा परत आलाय, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात. उजवा हात मांडीवर ठेवला तर ठेवलेलाच राहतो. वाचा मात्र गेली ती गेलीच. ज्या माणसाचा आवाज ऐकून बाजाराच्या पलीकडच्या रस्त्यावरचे लोक घड्याळ लावायचे, त्याला आता पाणी मागता येत नाही. शब्द डोक्यात असतो, ओठांवर येईपर्यंत कुठेतरी गळून पडतो, आणि जे बाहेर येतं ते ऐकून ते स्वतःच दचकतात. म्हणून त्यांनी प्रयत्नच सोडला. मग मान हलवणंही सोडलं. आई त्यांच्या वाटचं सगळं बोलते. ह्यांना चहा हवाय, ह्यांना ऊन लागतंय. बरोबर असो चूक असो, ते निमूट चहा पितात.

बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, इस्पितळात त्यांच्याकडे आम्ही आठवड्याला जातो. त्या म्हणाल्या, बोलणं मेंदूच्या ज्या बाजूला असतं ती दुखावली आहे, पण गाणं दुसऱ्या बाजूलाही असतं. तेव्हा शब्द सुरात घालून द्यायचे. पा-णी. दोन सूर वाजवायचे, त्यावर म्हणून दाखवायचं आणि मग थांबायचं. त्यांनी मला दहा वेळा बजावलं असेल, की थांबायचं, कितीही वेळ लागला तरी आपण शब्द पुरवायचा नाही, ते आत शोधत असतात. त्यांनी हेही सांगितलं, की जे काही परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांत जास्त येतं. त्यांच्याकडे पेशंटची ही रांग लागलेली. ह्या महिन्याच्या अखेरीस त्या बाबांना पुन्हा तपासणार, आणि काहीच फरक नसला तर आमची जागा दुसऱ्या कुणाला देणार. बिचाऱ्यांची चूक नाही, पण ते ऐकल्यापासून मी कॅलेंडरवरचे दिवस मोजतेय.

म्हणून मी कीबोर्ड आणला. नवा घेणं झेपणारं नव्हतं. घर बदलणाऱ्या एका कुटुंबाकडून वापरलेला घेतला. त्यांनी वाजवून दाखवला, छान वाजला. माहितीपुस्तक हरवलं होतं, त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मॅडमनी पट्ट्यांवर सा रे ग म लिहिलेले कागद चिकटवून दिले, कारण माझं संगीताचं ज्ञान तुला ठाऊकच आहे, शाळेत समूहगीतात मला फक्त ओठ हलवायला सांगायचे. पहिल्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवलं, समोर कीबोर्ड ठेवला, दोन सूर वाजवले, गायले आणि थांबले. बऱ्याच वेळाने बाबांचे ओठ हलायला लागले. आत्या, खरंच हलायला लागले, ‘प’साठी मिटले होते. आणि तेवढ्यात कीबोर्डचा लाल दिवा पटकन विझला. बाबांनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिलाव मोडल्यावर करायचे ना, तसा डावा हात आडवा केला. संपलं. मग मान भिंतीकडे.

तेव्हापासून हाच खेळ. रोज बसायचं, रोज त्यांनी शोधायला लागायचं आणि रोज ह्या मेल्याने बंद पडायचं. मी चवताळले. आधी अडॅप्टरला धरलं, नवा आणला. तरी बंद. मग भिंतीतल्या बोर्डावर संशय, म्हणून टेबल स्वयंपाकघरात नेलं, बाबांनाही नेलं, शेगडीशेजारी बसवलं. तरी बंद. अडॅप्टर काढून सेल घातले. तरी बंद. दुकानातले चष्म्याचे इवलेसे स्क्रू-ड्रायव्हर आणून एका रविवारी पाठ उघडली, आतली धूळ ब्रशने झाडली, वायरी हलवून पाहिल्या, जोडताना एक स्क्रू उरला तो अजून माझ्या पर्समध्ये आहे. आई म्हणायची, फेकून दे ते धूड, ह्यांना त्रास होतोय. तिच्यावर मी ओरडले. आमच्या घरात एरवीही ओरडल्याशिवाय काही होत नाही, पण हल्ली त्यात पूर्वीची मजा नाही. बाबा आत बसून सगळं ऐकत असतात आणि मध्ये पडू शकत नाहीत.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे टाकला. आणि ऐक, तिथे तो चालला! दिवसभर चालला, दुसऱ्या दिवशीही चालला. मी कामावरून सुटले की धावत जायची, तर दुकानात आलेलं गिऱ्हाईक गंमत म्हणून त्यावर धमाधम बोटं आपटत असायचं आणि हा पठ्ठ्या ठणठणीत. दुरुस्तीवाला माझ्याकडे अशा नजरेने बघायचा, जसं काही दुरुस्ती मलाच लागणार आहे. घरी आणला, बाबांसमोर ठेवला, बंद. पुन्हा नेला, चालू. बाबांसमोरच बंद पडतो, असं मी त्याला सांगितलं तेव्हा मलाच ऐकवेना. खरं सांगते, वाटायला लागलं होतं की ह्या यंत्रालासुद्धा बाबांचं काही खरं वाटत नाही. असले वेडे विचार येतात गं, भिंग घासता घासता अचानक रडू येतं आणि मालकाला सांगावं लागतं की डोळ्यात काच गेली.

गेल्या आठवड्यात एका दुपारी बाबा झोपले होते. मी त्या कीबोर्डसमोर हाताची घडी घालून बसले, नुसती. म्हटलं, आज तुला रंगेहाथ पकडते, बघू कसा बंद पडतोस. हात लावला नाही, बोलले नाही, पोलिसासारखी बघत राहिले. आणि तो विझला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कुणी वाजवेनासं झालं, की थोड्या वेळाने तो आपला आपण बंद होतो! दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला. म्हणाला, अहो, हा बिघाड नाही, सेल वाचावेत म्हणून कंपनीनेच केलेली सोय आहे, माझ्याही लक्षात आलं नाही, माझ्याकडे तो गप्प बसला कुठे? आमच्याकडे तरी कोण गप्प बसलं होतं आजवर? ह्या घरात एवढी शांतता कधी कुणी पाळलीच नव्हती, म्हणून ती शांतता हेच कारण असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याने सांगितलं, डाव्या टोकाची शेवटची पट्टी दाबून धरायची आणि मग चालू करायचा, बहुतेक जमेल. जमलं. तेव्हापासून तो एकदाही बंद पडलेला नाही.

मी किती आनंदाने बाबांना खुर्चीत बसवलं म्हणून सांगू! सूर वाजवले, गायले, थांबले. दिवा जळत राहिला. आम्ही थांबलो, थांबलो, आणि बाबांच्या तोंडून काहीही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. आत्या, कीबोर्ड बिघडलेला होता तोवर मला शिव्या द्यायला तो तरी होता. आता तो धडधाकट आहे आणि बाबा तसेच. इतकी हताश मी झटक्याच्या दिवशीही झाले नव्हते, त्या दिवशी धावपळ तरी होती. आईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, पुरे कर आता, आहेत तसे आहेत, आपल्यात आहेत ना? ती बरोबर असेल. पण मला ते मान्य करता येत नाही. मला ते आतून हाका मारताना दिसतात.

आणि काल हे झालं, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले. मी हार मानून नुसतीच बसले होते, काही वाजवलं नव्हतं. बाबांनी डावा हात उचलला आणि आपणहून एक बोट पट्टीवर ठेवलं. ग ग सा. पुन्हा ग ग सा. मग प. प वर बोट दाबून धरलं आणि माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून, जसं काही आता माझी पाळी आहे. मी म्हटलं, पाणी? मान हलली, नाही. पोट दुखतंय? नाही. नुसती नाही नाही, रागाने, आणि परत पहिल्यापासून, ग ग सा, ग ग सा, प, आणि परत माझ्याकडे. मग हात खाली नेऊन जमिनीपासून एवढंसं, लहान मुलाच्या उंचीइतकं दाखवलं. मी विचारलं, मी? माझ्या लहानपणीचं काही? नाही. आई दारात उभी होती. तिला हे सूर ठाऊक नाहीत, लग्नानंतर तिने ते कधी ऐकलेच नाहीत. ती हळूच म्हणाली, वन्सं? आणि बाबांनी मान डोलावली, हो. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, हो. मग रडायला लागले, हसत हसत रडायला लागले आणि पुन्हा वाजवायला लागले. आज सकाळपासून तेच चाललंय. तुम्ही दोघं लहान असताना तुझा दादा एवढं म्हणायचा आणि त्यापुढचं तू म्हणायचीस, असंच काहीतरी असणार ना? ते शब्द पत्रातून कळवू नकोस, माझ्या तोंडून ते सुरात येणार नाहीत. तूच ये. बॅग भरू नकोस, कुणाला विचारत बसू नकोस, मिळेल त्या गाडीने ये आणि त्यांच्यासमोर बस. ते प वर बोट ठेवून थांबलेत, आत्या, आणि पुढचं ह्या घरात कुणालाच येत नाही.

तुझीच,
भुणभुणी