शेषरावांच्या गिरणीची पोती

मंठा, १४ मे १९९८

डोकं नुसतं भणभणतंय. "मास्तर, तुमच्या पेटीपायी गल्लीला झोप न्हाई," असं शेजारचे शेषराव महिनाभर ऐकवत होते. ज्यांची पिठाची गिरणी पहाटेपासून धडधडते, ते! तरी मीच नमतं घेतलं. भजनांच्या कॅसेटी भरायला केलेल्या खोलीच्या भिंतींना आतून पोती ठोकली, खिडकीला फळ्या मारल्या. पोती त्यांच्याच गिरणीतली, पिठानं माखलेली. "अहो, धुऊन तरी लावा," असं बायको दोनदा म्हणाली. पण मला घाई!

आठ दिवस सासुरवाडीला गेल्तो. आज खोली उघडली, तर पोती कुरतडलेली, जिकडं तिकडं लेंड्या, आणि पेटीचा भाता फाडून उंदरांनी आत घर केलेलं. वडिलांची पेटी! मांजर त्या खिडकीतूनच यायचं. ती बंद कुणी केली? मीच. अन् पोती न धुता कुणी लावली? तीही मीच.

संध्याकाळी शेषराव ओट्यावरून हसत म्हणाले, "मानलं मास्तर! आठ दिवस झाले, बिलकुल आवाज न्हाई येऊन राह्यला. अजून पोती लागली तर घेऊन जा."